घट कुणाची?

काळी गाडी रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली उभी असेल, तर तिच्या बॉनेटकडे जरा वाकून बघा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळं दिसतील. गाडी धुतलेली असते, पुसलेली असते, तरी ती दिसतात. आपण डोकं हलवलं की वर्तुळंही सरकतात. गाड्यांचं डिटेलिंग करणारे त्यांना स्वर्ल मार्क म्हणतात. जळगाव-धुळ्याकडे दोन-तीन उन्हाळे काढलेल्या गडद रंगाच्या गाडीवर ते शोधावे लागत नाहीत.

खरं तर तिथे वर्तुळं नसतातच. ओरखडे सगळ्या दिशांना वेडेवाकडे गेलेले असतात. त्यांतले जे प्रकाशाला आडवे पडतात तेवढेच चमकून डोळ्यांपर्यंत पोचतात, म्हणून दिवा असेल तिथे केंद्र तयार झाल्यासारखं वाटतं. जॉर्ज एलियट या इंग्रज लेखिकेच्या ‘मिडलमार्च’ (१८७१-७२) या कादंबरीत हीच गोष्ट मोठ्या आरशाच्या आणि मेणबत्तीच्या उदाहरणाने येते. तिथे मेणबत्ती म्हणजे माणसाचा अहंकार. जगातल्या घटना कशाही विखुरलेल्या असोत, प्रत्येकाला त्या आपल्याभोवतीच रचल्यासारख्या दिसतात. मला मात्र त्या मेणबत्तीपेक्षा आरसा पुसणाऱ्या मोलकरणीबद्दल जास्त कुतूहल आहे. कारण ते ओरखडे तिच्या पुसण्यातून आलेले आहेत.

स्वर्ल मार्क बेपर्वाईने पडत नाहीत, काळजीने पडतात. धुळं हे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या महामार्गांवरचं शहर. धुळीला इथे तोटा नाही. रात्रभर गाडीवर बसलेल्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात. सकाळी उठून कोणी तरी प्रेमाने कोरडं फडकं घेतं आणि ते कण गाडीभर फिरवतं. न पुसलेली गाडी मळकी दिसते, पण तिचा रंग शाबूत असू शकतो. रोज पुसलेली गाडी चकचकीत दिसते आणि दिव्याखाली उघडी पडते.

काळजीतून होणाऱ्या नुकसानाचं मोठं उदाहरण जळगावहून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. अजिंठ्याची चित्रं टिकावीत म्हणून निजामाच्या सरकारने १९२० च्या सुमारास लोरेन्झो चेक्कोनी हा इटालियन तज्ज्ञ बोलावला. त्या काळात चित्रांवर लाखेच्या पारदर्शक वार्निशचा हात दिला गेला. हेतू चांगलाच होता. पुढे ते वार्निश पिवळं पडत गेलं, चित्रं काळवंडली, आणि नंतरच्या पिढ्यांच्या वाट्याला ते वार्निश उतरवायचं काम आलं, तेही खालचा रंग न दुखावता.

आता मुद्द्याकडे येतो. ओरखडा काढायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

कंपनीतून येणाऱ्या गाडीच्या पत्र्यावर थर असतात: गंज रोखणारा थर, प्रायमर, रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हा वरचा थर ढोबळमानाने चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ. गाडीची चमक त्याच्यामुळे, आणि खालच्या रंगाला उन्हापासून वाचवतो तोही तोच. स्वर्ल मार्क म्हणजे या थरात पडलेली खाच.

डाग असता तर पुसता आला असता. डाग म्हणजे वरून आलेली एखादी गोष्ट. खाच म्हणजे तिथे नसलेली गोष्ट, आणि जे नाहीच ते काढणार कसं? म्हणून पॉलिशिंग मशीन दुसरंच काही तरी करतं. ते खाचेच्या आजूबाजूचा चांगला पृष्ठभाग घासून खाचेच्या तळापर्यंत खाली आणतं. सगळं एका पातळीला आलं की ओरखडा ‘गेला’. हलक्या पॉलिशमध्ये एक ते तीन मायक्रॉन जातात, कंपाउंड लावून जोरात घासलं तर आणखी. गाडी नव्यासारखी दिसते, पण ती आधीपेक्षा पातळ झालेली असते. हे पुन्हा पुन्हा केलं की एका उन्हाळ्यात बॉनेटवर आणि टपावर पांढुरके पापुद्रे सुटू लागतात.

सोनाराच्या दुकानात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. जळगाव सोन्यासाठी ओळखलं जातं. दागिना उजळला की वजनात थोडी घट येते, हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असतं. घट किती आणि ती कोणाच्या खात्यावर, यावरून घासाघीसही होते. सराफ बाजारातली माती चाळून, धुऊन त्यातला सोन्याचा कण परत मिळवणारे झारेकरी होते. म्हणजे झिजलेल्याचाही हिशोब होता. गाडीच्या पॉलिशमध्ये झिजलेला थर पॅडवर पांढरी पेस्ट होऊन राहतो आणि पाण्याबरोबर गटारात जातो.

मला वाटतं, चांगल्या-वाईटाबद्दल बोलताना आपल्या भाषेत डाग भरपूर आहेत आणि खाचा फार कमी. चारित्र्यावर डाग लागतो. माणूस धुतल्या तांदळासारखा असतो. पापं धुतली जातात, मन निर्मळ होतं, मनातली जळमटं निघतात. या सगळ्यांत गृहीत धरलेलं असतं की खाली मूळचं काही तरी तसंच शिल्लक आहे, फक्त वरचा मळ जायला हवा. काही बाबतींत ते खरंही असतं. गैरसमज हा मळच असतो. बोललं की जातो. पण माणसं एकमेकांचं जे नुकसान करतात, त्यातलं बरंचसं खाचेच्या जातीचं असतं. तिथून काही तरी गेलेलं असतं. अशा ठिकाणी कोणी ‘मिटवून टाका’ म्हणालं, तर विचारावं लागतं: कोणाला घासून?

आमच्याकडे यासाठी एक तयार उदाहरण आहे, बांध कोरण्याचं. शेजारचा शेतकरी, बहुतेक वेळा भाऊबंदच, दर नांगरटीला बांधाचा एक तास आपल्यात ओढतो. वीस वर्षांत बांध हातभर सरकतो. मग भांडण होतं, चार माणसं बसतात. ‘जाऊ दे भो, हातभर जमिनीसाठी भाऊ तोडतो का?’ ज्याची जमीन गेली तो गप्प बसतो. चहा होतो. ज्याने कोरला त्याने मागे सरकावं, असं त्या बैठकीत कोणी म्हणालंच नाही, हे बाहेरून दिसत नाही. दिसतो तो सलोखा.

१५ ऑगस्ट २००७ रोजी राज्य सरकारने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. गावातले तंटे गावातच सामोपचाराने मिटवायचे, आणि मिटवणाऱ्या गावांना पुरस्कार द्यायचे. ही योजना मी उडवून लावणार नाही. दिवाणी दावा आजोबाने लावायचा आणि नातवाने तारखांना जायचं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना गावात मिटण्याची किंमत कळते. वीस वर्षं भांडत राहण्यात दोन्ही घरांचा थर झिजतो. तरी तंटामुक्त गावाची पाटी वाचताना मला दिव्याखालची गाडी आठवते. तंटे किती मिटले हे मोजता येतं. कोण किती खाली आलं हे मोजायची सोय नसते.

सगळ्यात गुळगुळीत दिसणारा कागद म्हणजे हक्कसोडपत्र. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा करणारा बदल महाराष्ट्राने १९९४ मध्ये केला आणि केंद्राने २००५ मध्ये. हा हक्क जन्माने मिळतो, २००५ च्या त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. कायदा इतका स्वच्छ आहे. आणि तरीही माझ्या ओळखीच्या बहुतेक घरांत बहिणींनी सह्या केल्या आहेत, आमच्याही घरात आत्यांनी केल्या. कोणी जबरदस्ती केली नाही. ‘माहेर राहायला हवं’ एवढंच वाक्य पुरतं. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, पुरणपोळी आणि आमरस होतो. त्या सणाची चमक सगळ्यांना दिसते. ती चमक टिकावी म्हणून कोणाचा थर उतरला, हे त्या दिवशी कोणी बोलत नाही.

इथे हार्ड पेंटची गोष्ट सांगायला हवी. सगळे क्लिअर कोट सारखे नसतात. मर्सिडीजने २००३ मध्ये अतिसूक्ष्म सिरॅमिक कण असलेला क्लिअर कोट आणला, तो ओरखड्यांना दाद देऊ नये म्हणूनच. जर्मन गाड्यांचा रंग सहसा कठीण मानला जातो. त्यावर ओरखडा सहजी पडत नाही, पण पडला की सहजी जातही नाही. मऊ पॅड आणि हलकं पॉलिश फिरवून काही होत नाही. मग कंपाउंड येतं, लोकरी पॅड येतं, फेऱ्या वाढतात, पत्रा तापतो. हात आपोआप जास्त दाबू लागतो. घरातही असंच होतं. जी व्यक्ती सहसा दुखावत नाही, तक्रार करत नाही, तिला ‘ती खंबीर आहे, तिला काही वाटणार नाही’ असं म्हणत आपण सगळ्यात जास्त दाबतो. ती एकदा दुखावली आणि दुखावलेली राहिली, तर तिच्याच कठीणपणाबद्दल बोलतो.

आणि किती शिल्लक आहे, हे साध्या मोजणीयंत्राला कळत नाही. गॅरेजमधलं नेहमीचं गेज पत्र्यावरच्या सगळ्या थरांची मिळून जाडी दाखवतं. त्यात वरचा पारदर्शक थर किती उरला, हे वेगळं सांगत नाही. माणसाच्या सोसण्याबद्दलही आपल्याकडे एवढीच माहिती असते. एकूण बरी दिसते आहे, एवढंच.

म्हणजे काहीच मिटवायचं नाही का? तसं नाही. पॉलिश करणाऱ्यांच्या कामाच्या पद्धतीत याचं बरंचसं उत्तर आहे. ते आधी एक छोटा चौकोन घासून बघतात, सगळ्यात सौम्य पॅडने. त्याने भागलं तर पुढचं पॅड काढत नाहीत. नंतर अल्कोहोलने पुसतात, कारण पॉलिशमधलं तेल खाचेत भरून बसतं आणि ओरखडा गेल्यासारखा भासवतं. विकायला काढलेल्या जुन्या गाडीची चमक पुष्कळदा एवढ्याच आयुष्याची असते. नखाला अडकणारा खोल ओरखडा असेल तर जाणता कारागीर सांगतो, हा राहू द्या. त्याच्या फक्त कडा बोथट करतो. खोली तशीच राहते, पण ती प्रकाशाला टोचत नाही. आणि शेवटी गिऱ्हाईकाला सांगतो, उद्यापासून कोरडं फडकं बंद. कारण पुसण्याची सवय तीच राहिली, तर आजचा थर फुकट गेला.

नात्यांतल्या खोल खाचांसाठी मला यापेक्षा चांगली पद्धत सुचत नाही. सगळंच पूर्वीसारखं करायचा हट्ट सोडायचा. माफी मागणाऱ्याने समोरच्याकडून गुळगुळीतपणा मागायचा नाही. माफीने कड बोथट झाली तरी खूप झालं. आणि ज्या सवयीने खाच पडली, ती बदलायची. यावर कोणी म्हणेल, मनात ओरखडा ठेवून नातं कसं चालेल? गाडी चालते. ओरखडे असलेली, पण थर शाबूत असलेली गाडी ऊन सोसते. चकचकीत आणि पातळ झालेली गाडी एका मे महिन्यात हात टेकते.

माझ्या व्यवसायात कोडमधली ओळ बदलली तरी कोणी, कधी, काय बदललं याची नोंद मागे राहते. चांगले डिटेलिंगवालेही काम सुरू करण्याआधीची आणि नंतरची जाडी कागदावर लिहून देतात. भाऊबंदांच्या बैठकीत आणि हक्कसोडपत्राच्या सहीच्या वेळी एवढं तरी व्हायला हवं. सही करणारी आत्या किती एकरांवर पाणी सोडते आहे, त्याचा आजचा भाव काय, आणि बदल्यात तिला काय मिळतं आहे, हे सगळ्यांसमोर मोठ्याने म्हटलं जावं. त्यानंतर तिला सही करायची असेल तर तिने करावी. ते तिचं देणं असेल, आणि ते कोणी दिलं हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असेल.