दोन शब्दांचं मोल

पहाटे पुण्यातल्या पर्वतीच्या पायऱ्या चढताना अनोळखी माणसंही एकमेकांना हात जोडतात, दोन शब्द बोलतात. त्या शब्दांतल्या मायेचं मोल केवढं असेल?

कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये उंदरांचा एक अभ्यास मांडला. आई पिल्लांना मायेनं भरपूर चाटते, तेव्हा त्यांच्या मेंदूतल्या, ताण आवरणाऱ्या जनुकावरच्या रासायनिक खुणा बदलतात. जनुक तेच राहतं, त्याचं काम बदलतं. पिल्लं मोठेपणी कमी बिचकतात. विशेष म्हणजे, पिल्लू दुसऱ्या आईचं असलं तरी मायेचा परिणाम तोच! पुण्यात पाषाणच्या ‘आयसर’ या विज्ञान संस्थेत जनुकांवरच्या अशाच खुणांचा अभ्यास चालतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. विदिता वैद्य बालपणीच्या ताणाचे मेंदूवर होणारे परिणाम शोधतात.

ताणाचा परिणाम बालपणापुरताच नसतो. प्रौढ उंदरांच्या मेंदूतही नव्या पेशी जन्मतात. धावण्यानं त्या वाढतात, सततच्या ताणानं घटतात. माणसाबाबत शोध अजून सुरू आहे.

पण एवढं नक्की, माया फक्त मनाला नाही, शरीरालाही कळते. म्हणून आज घरातल्या लेकराला जवळ घ्या. शेजारच्या एकट्या आजोबांची चौकशी करा. आपलं वागणं हे दुसऱ्याचं हवामान असतं. ते आज प्रसन्न असू दे.