मनामाची बँक, पुण्याची हॅचरी आणि इंग्लंडचे मैदान

इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉलचा कोणताही सामना दूरचित्रवाणीवर थेट दाखवला जात नाही. बर्नली क्लबचे अध्यक्ष आणि व्यवसायाने खाटीक असलेले बॉब लॉर्ड यांच्या आग्रहामुळे १९६० च्या दशकात रूढ झालेल्या या प्रथेमागचा विचार सरळ होता : मोठ्या संघांचा खेळ घरबसल्या दिसू लागला, तर गावच्या मैदानावर तिकीट काढून कोण जाईल? मात्र या बंदीची हद्द इंग्लंडच्या किनाऱ्यापाशी संपते. बहरीनचे घड्याळ हिवाळ्यात लंडनच्या तीन तास पुढे असते आणि २००६ पासून तेथे शुक्रवार-शनिवारची सुट्टी आहे. त्यामुळे तीन वाजता सुरू होणारा प्रीमियर लीगचा जो सामना लीड्सच्या रहिवाशाला स्वतःच्या घरात पाहता येत नाही, तो मनामाच्या हूरा भागात, एक्झिबिशन रस्त्यावरच्या एखाद्या उपाहारगृहात करक चहा घेत बसलेल्या माणसाला, मग तो बहरीनी असो, मलयाळी असो की रत्नागिरीकडचा नोकरदार असो, संध्याकाळी सहा वाजता आरामात दिसतो.

हा विरोधाभास गमतीचा असला तरी त्याच्या पोटात मोठा हिशेब आहे. २०२२ ते २०२५ या काळातील करारांत प्रीमियर लीगला परदेशी प्रक्षेपणहक्कांतून मिळणारी रक्कम देशांतर्गत हक्कांच्या रकमेपेक्षा प्रथमच जास्त झाली. देशांतर्गत उत्पन्नाचा निम्मा भाग वीसही क्लबांना समान मिळतो, एक चतुर्थांश गुणतक्त्यातील स्थानानुसार आणि उरलेला एक चतुर्थांश किती सामने दाखवले गेले त्यानुसार वाटला जातो. परदेशी उत्पन्न २०१९ पर्यंत पूर्णपणे समान वाटले जाई. त्यानंतरची वाढ मात्र स्थानानुसार वाटली जाते. पैशाने स्थान मिळते आणि स्थानाने पैसा मिळतो. यातील पहिले विधान केवळ अनुमान नव्हे. अर्थतज्ज्ञ स्टीफन शिमान्स्की यांनी इंग्लिश क्लबांच्या ताळेबंदांचा अभ्यास करून दाखवले, की सुमारे दहा वर्षांच्या सरासरीने पाहिल्यास क्लबांच्या स्थानांतील जवळजवळ ९० टक्के फरकाचा उलगडा त्यांच्या पगारखर्चावरून होतो. खेळाडू विकत घेण्यासाठी मोजलेल्या रकमेचा संबंध त्यामानाने बराच सैल आहे, कारण खरेदीत फसवणूक होते, घाई होते, हौसही होते. पगार मात्र दर आठवड्याला बाजारभावाने द्यावा लागतो.

पैसा इतका निर्णायक असेल, तर नियमांनी त्याला आवर घालावा हे ओघाने आले, आणि गेल्या पंधरा वर्षांत इंग्लिश फुटबॉलने नियमांचे मोठे जंजाळ उभे केले. मात्र हे नियम पैशाची मात्रा मोजतात, पैशाचा स्वभाव त्यांना मोजता येत नाही. पैसा कोणाचा आहे, किती घाईत आहे, परत कधी जाणार आहे, या प्रश्नांची उत्तरे मैदानावरच्या निकालात उतरतात, ताळेबंदात नाही. यासाठी अबू धाबी किंवा रियाधची नेहमीची उदाहरणे घेण्यापेक्षा मराठी वाचकाला जवळची दोन पुरेशी आहेत : एक पुण्याचे, दुसरे हूराच्या शेजारचे.

ब्लॅकबर्न हे उत्तर इंग्लंडमधील जुने कापडगिरण्यांचे गाव. (परदेशी कापडाच्या बहिष्काराने ज्यांच्या पोटावर पाय आला त्या गिरणीकामगारांना भेटायला गांधीजी सप्टेंबर १९३१ मध्ये गेले, ते डार्वेन याच गावाला लागून आहे.) तेथील पोलाद व्यापारी जॅक वॉकर यांनी आपला व्यवसाय १९८९ मध्ये ब्रिटिश स्टीलला विकला आणि १९९१ मध्ये लहानपणापासून आवडता असलेला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब ताब्यात घेतला. त्यांनी केनी डॅलग्लिश यांना व्यवस्थापक नेमले. इंग्लिश फुटबॉलमध्ये व्यवस्थापक म्हणजे संघ निवडणारा आणि घडवणारा प्रमुख प्रशिक्षक. अ‍ॅलन शिअररसारखे खेळाडू घेतले गेले आणि १४ मे १९९५ रोजी, शेवटचा सामना लिव्हरपूलकडून हरूनही, मँचेस्टर युनायटेडपेक्षा एक गुण अधिक असल्याने ब्लॅकबर्न अजिंक्य ठरले. विजेतेपद विकत घेतले अशी टीका झाली आणि ती खोटी नव्हती. पण पैसा गावचा होता आणि तो देणारा माणूस लहानपणापासूनचा चाहता होता.

वॉकर २००० मध्ये निवर्तले. त्यांच्या विश्वस्त संस्थेकडून नोव्हेंबर २०१० मध्ये हा क्लब पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाने, म्हणजे ‘व्हेंकीज’ने, सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना घेतला आणि कर्जेही शिरावर घेतली. डॉ. बी. व्ही. राव यांनी उभारलेला हा कुक्कुटपालनाचा उद्योग. अंड्यांचे भाव रोज जाहीर करणारी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती १९८२ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने स्थापन झाली, त्यामुळे महाराष्ट्रातल्या किराणा दुकानदारालाही हे नाव परके नाही. नव्या मालकांनी महिनाभरातच अनुभवी व्यवस्थापक सॅम अ‍ॅलर्डाइस यांना काढले. तेव्हा संघ तेराव्या स्थानावर होता, म्हणजे त्याच्या पगारखर्चाला साजेशा जागी. २०११ मध्ये क्लबचे खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये कोंबडीची तंगडी खात असल्याची जाहिरात झळकली. ७ मे २०१२ रोजी घरच्या मैदानावर, भर पावसात, विगनविरुद्धच्या सामन्यात क्लबचा झेंडा पांघरलेली एक जिवंत कोंबडी प्रेक्षकांतून मैदानात सोडण्यात आली. निषेधाची यापेक्षा नेमकी भाषा सापडणे कठीण. शेवटच्या काही मिनिटांत विगनने गोल केला, ब्लॅकबर्न हरले आणि दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे ‘चॅम्पियनशिप’मध्ये, घसरले. त्याच आठवड्याअखेर, १३ मे रोजी, अबू धाबीच्या पैशावर उभ्या असलेल्या मँचेस्टर सिटीने भरपाई वेळेतल्या गोलाने विजेतेपद मिळवले. परदेशी मालकीचे दोन्ही निकाल सहा दिवसांच्या अंतराने लागले. दोघांत पैशाचा फरक अफाट होता हे खरेच, पण सिटीच्या मालकांनी फुटबॉल कळणारी माणसे नेमून त्यांना वेळ दिला, तर ब्लॅकबर्नने पुढच्याच हंगामात हेनिंग बर्ग या व्यवस्थापकाला अवघ्या ५७ दिवसांत घरी पाठवले.

दुसरे उदाहरण लीड्स युनायटेडचे. २००१ मध्ये हा क्लब चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत होता. भविष्यातल्या तिकीटविक्रीच्या भरवशावर काढलेल्या कर्जांनी त्याला तेथे नेले आणि त्याच कर्जांनी बुडवले. २००४ मध्ये संघ प्रीमियर लीगमधून घसरला, एलंड रोड हे स्वतःचे मैदान विकून त्याच मैदानाचे भाडे भरू लागला आणि २००७ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत जाऊन तिसऱ्या श्रेणीत पोचला. डिसेंबर २०१२ मध्ये त्याची मालकी ‘जीएफएच कॅपिटल’कडे आली. ही मनामातील ‘गल्फ फायनान्स हाउस’ या गुंतवणूक बँकेची दुबईस्थित उपकंपनी. बँकेचे मुख्यालय बहरीन फायनान्शियल हार्बरमध्ये, म्हणजे हूरापासून समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्याने थोड्याच अंतरावर. गुंतवणूक बँकेचा धंदा मालमत्ता घेऊन, तिचे भाग पाडून, अधिक भावाने पुढे विकण्याचा. तो लबाडीचा नव्हे, पण फुटबॉलचाही नव्हे. बँकेच्या हिशेबात लीड्सची नोंद ‘विक्रीसाठी धारण केलेली मालमत्ता’ अशी झाली, आणि एखाद्या क्लबच्या चाहत्याने वाचावी अशी याहून वाईट ओळ लेखाशास्त्रात नसेल.

परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाला. विकत घेणाऱ्यांची ये-जा सुरू राहिली आणि संघ मधल्या स्थानांवर रेंगाळला. ३१ जानेवारी २०१४ च्या रात्री, इटलीचे मास्सिमो चेल्लिनो यांची खरेदी पूर्ण होण्याआधीच, व्यवस्थापक ब्रायन मॅकडरमॉट यांना काढल्याचे कळवण्यात आले. दुसऱ्या दिवशी संघाने हडर्सफील्डला ५-१ असे हरवले आणि काढलेला माणूस पुन्हा कामावर आला. पुढे फुटबॉल लीगने ‘मालक व संचालक पात्रता चाचणी’च्या आधारे चेल्लिनोंना रोखले, कारण एका नौकेवरील आयातकर बुडवल्याबद्दल इटलीतील न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले होते, एप्रिलमध्ये अपिलात ती बंदी उठली आणि ७५ टक्के हिस्सा त्यांच्याकडे गेला. ही चाचणी काय विचारते हे पाहण्यासारखे आहे : अर्जदाराला शिक्षा झाली आहे काय, त्याने दिवाळे काढले आहे काय. क्लब कशासाठी हवा आणि किती वर्षांसाठी, हे तिने ना मनामाच्या बँकेला विचारले, ना पुण्याच्या हॅचरीला.

या दोन क्लबांच्या वाटा डिसेंबर २०१४ मध्ये एकत्र आल्या. २०१३-१४ च्या हंगामासाठी चॅम्पियनशिपमध्ये असा नियम होता, की क्लबला जास्तीत जास्त ८० लाख पौंडांचा तोटा चालेल, त्यातही ५० लाख मालकाने भागभांडवल म्हणून भरले पाहिजेत. कर्ज म्हणून दिलेले चालणार नाहीत. ब्लॅकबर्न, लीड्स आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांनी ही मर्यादा ओलांडल्याने तिघांवर खेळाडूखरेदीची बंदी आली. पुण्याचा पैसा दरवर्षी येत होता आणि परत जाण्याचे नाव घेत नव्हता. मनामाचा पैसा आल्या दिवसापासून परतीच्या वाटेवर होता. नियमाने दोघांना एकाच रांगेत उभे केले. तोच हंगाम, तोच नियम लेस्टर सिटी आणि क्वीन्स पार्क रेंजर्स यांनीही मोडल्याचे ठरले, पण ते दोघे त्या वर्षी वरच्या श्रेणीत चढले होते. वर गेलेल्यांना खरेदीबंदी नव्हती, दंड होता, आणि दंडाचा वाद वर्षानुवर्षे चालला. अखेर २०१८ मध्ये लेस्टरने ३१ लाख पौंडांवर तडजोड केली, रेंजर्सला सुमारे ४ कोटी २० लाखांचा भार उचलावा लागला. दरम्यान २०१६ मध्ये लेस्टर प्रीमियर लीगचे विजेते झाले होते. सामान्य संघाच्या चमत्काराची ती कथा जगाला पाठ आहे. तिच्या पायाशी असलेली तोट्याची नोंद मात्र क्वचितच कोणी वाचतो.

वरच्या श्रेणीतही चित्र वेगळे नाही, फक्त आकडे मोठे आहेत. ‘नफा व टिकाऊपणा नियमां’नुसार प्रीमियर लीगमधील क्लबला २०२५-२६ पर्यंत ३ वर्षांत १० कोटी ५० लाख पौंडांपर्यंत तोटा चालत असे. त्याखाली एव्हर्टनचे नोव्हेंबर २०२३ मध्ये १० गुण कापले गेले, ते अपिलात ६ झाले आणि एप्रिल २०२४ मध्ये आणखी २ गेले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे ४ गुण मार्च २०२४ मध्ये गेले. फॉरेस्टचा बचाव विशेष बोधक होता : ब्रेनन जॉन्सन हा घरचा खेळाडू ३० जूनपूर्वी, म्हणजे हिशेबाचे वर्ष संपण्यापूर्वी, स्वस्तात विकण्याऐवजी क्लबने १ सप्टेंबरपर्यंत थांबून तो टॉटनहॅमला अधिक किमतीला विकला, यात तोटा कुणाचा? शहाण्या व्यापाऱ्याला शोभेल असा हा युक्तिवाद आयोगाने मानला नाही. दुसरीकडे मँचेस्टर सिटीवर फेब्रुवारी २०२३ मध्ये १०० हून अधिक नियमभंगांचे आरोप ठेवले गेले आणि सुनावणीच सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. छोट्या कुळाचा पंचनामा एका हंगामात उरकतो, मोठ्या वाड्याचा खटला पिढीजात चालतो. २०२६-२७ पासून तोट्याऐवजी संघावरील खर्च उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवण्याचे क्लबांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये ठरवले. वरवर न्याय्य वाटणाऱ्या या मोजपट्टीत ज्याचे उत्पन्न मोठे त्याची मर्यादाही मोठी, आणि ज्याला गरिबीतून वर यायचे आहे त्याने आधी श्रीमंत असायला हवे.

जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेच्या कायद्याने स्वतंत्र फुटबॉल नियामक अस्तित्वात आला आणि भावी मालकाचा पैसा कोठून आला, त्याची आर्थिक योजना काय, हे विचारण्याचा अधिकार प्रथमच लीगबाहेरच्या यंत्रणेला मिळाला. प्रश्न योग्य दिशेचा आहे, तरी उशिराचा. लीड्सच्या पुढच्या मालकांनी २०१७ मध्ये एलंड रोड परत विकत घेतले आणि २०२० मध्ये संघ वर चढला. ब्लॅकबर्नमध्ये व्हेंकीजने आजवर २० कोटी पौंडांहून अधिक रक्कम ओतल्याचे सांगितले जाते. चाहत्यांचा राग समजण्यासारखा असला, तरी हा पैसा पळपुटा निघाला नाही हे मान्य करावेच लागते. त्याला अक्कल मिळायला उशीर झाला, एवढेच. गेल्या काही वर्षांत अडचण तिसऱ्याच ठिकाणी उभी राहिली : अंमलबजावणी संचालनालयाच्या चौकशीमुळे पुण्याहून पैसे पाठवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी आणि तेवढ्याच रकमेची बँक हमी लागू लागली.

मालकाचा पैसा अडला की खेळाडू विकून भागवावे लागते, आणि येथे लेखाशास्त्रातला एक बारकावा कामाला येतो. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत त्याच्या कराराच्या वर्षांत विभागून खर्ची टाकली जाते, त्यामुळे तो विकला तरी उरलेली किंमत वजा होऊनच नफा धरला जातो. क्लबच्या स्वतःच्या अकादमीत वाढलेल्या मुलाचे पुस्तकी मूल्य मात्र शून्य असते, म्हणून त्याच्या विक्रीची सगळी रक्कम निव्वळ नफा ठरते. नियमांच्या काचात सापडलेल्या क्लबला सर्वांत आधी घरचा मुलगा विकावासा वाटतो तो यामुळे. अ‍ॅडम व्हार्टन हा ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला, सहाव्या वर्षापासून याच क्लबच्या अकादमीत घडलेला मधल्या फळीतला खेळाडू. १ फेब्रुवारी २०२४ रोजी तो सुमारे १ कोटी ८० लाख पौंडांना क्रिस्टल पॅलेसला विकला गेला आणि त्याच उन्हाळ्यात इंग्लंडच्या संघातून युरो स्पर्धेला गेला. विक्रीच्या आदल्या दिवसापर्यंत क्लबच्या वहीत त्याच्या नावापुढे शून्य होते.