घेवड्याचा वेल आणि भिंतीवरची खूण

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली, सप्ताह बसला, की श्रीगुरुचरित्राच्या पारायणात दुसऱ्या दिवशी अठरावा अध्याय येतो. घेवड्याच्या वेलाचा अध्याय. आपल्यापैकी अनेकांनी तो किती वेळा वाचला याचा हिशेब नसेल. मी स्वतः चाळीस वर्षं वाचतो आहे आणि तीस वर्षं देवळात बसून त्यावर बोलतो आहे. पण तो कळला मात्र उतारवयात, आणि तोही आसनावर बसून नाही, घराच्या जिन्यावर उभं राहून कळला. तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

आधी कथा आठवू या. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाच्या परिसरातलं अमरापूर. तिथं एक गरीब ब्राह्मण, बायको-मुलांसह राहणारा. भिक्षेवर संसार. दारात घेवड्याचा एक वेल होता. ज्या दिवशी भिक्षा मिळत नसे त्या दिवशी त्याच्या शेंगा शिजवून घर जेवायचं. एके दिवशी श्रीनृसिंहसरस्वती त्यांच्याकडे भिक्षेला आले. घरात धान्य नव्हतं. त्या माउलीनं शेंगांचीच भाजी केली, नवरा-बायकोनं भक्तीनं वाढली. महाराज तृप्त झाले, आशीर्वाद दिला आणि निघताना दारातला तो वेल मुळापासून तोडून टाकला. मागं वळून न बघता चालते झाले.

आता बघा, पुढं काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. वेलाच्या मुळाशी द्रव्यानं भरलेला घडा सापडला. शेवट ठाऊक असल्यामुळे आपण ती रडारड भराभर वाचून पुढं जातो. पण त्या घराला शेवट ठाऊक नव्हता. वेल तुटला त्या क्षणापासून घडा लागेपर्यंतचा जो वेळ गेला, तो त्यांनी कसा काढला असेल? ज्याला जेवायला घातलं त्यानंच पोटावर पाय दिला, असंच त्या बाईला वाटलं असणार. तिनं आक्रोश केला, मुलं रडली. आणि आपलं बरंचसं आयुष्य, विशेषतः साठीनंतरचं, नेमकं त्याच मधल्या वेळात जातं. वेल तुटलेला असतो. घडा दिसत नसतो.

आता माझी गोष्ट. आमचं घर सांगलीच्या गावभागात होतं. वडिलांनी बांधलेलं, नदीपासून फार लांब नाही. 2005 साली महापूर आला तेव्हा पाणी आमच्या दाराच्या तिसऱ्या पायरीला टेकलं आणि परत गेलं. मी लाल ऑइलपेंट आणला आणि भिंतीवर तिथं एक आडवी रेघ ओढली. शेजारी साल लिहिलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्या कौतुकानं दाखवायचो. "कृष्णामाई इथवर आली, दर्शन दिलं आणि गेली."

2019 चा ऑगस्ट आला. धो धो पाऊस, धरणांतून सोडलेलं पाणी, आयर्विन पुलाजवळची पातळी तासातासाला वर. मुलगा विश्रामबागेत राहतो, तो भाग उंचावर. त्याचे फोनवर फोन. "बाबा, निघा. मी गाडी घेऊन येतो." मी त्याला लाल रेघ सांगितली. म्हटलं, याच्या वर पाणी आलेलं नाही, येणारही नाही. गल्लीतली पोरं येऊन सांगून गेली, त्यांनाही रेघ दाखवली. 2005 ला पुलाजवळ पाणी 53 फुटांच्या वर गेलं होतं. 2019 ला ते 57 फुटांच्याही वर गेलं. नदीनं माझी रेघ वाचलेली नव्हती!

रात्रीत पाणी घरात शिरलं. देवघरातल्या पादुका आणि पोथी उचलून आम्ही दोघं माडीवर गेलो. लाइट गेलेली. आमच्या मंडळींना मधुमेह, रोज इन्सुलिनचं इंजेक्शन. ते खाली फ्रिजमध्ये. फ्रिज पाण्यावर तरंगत होता. दोन रात्री आम्ही माडीवर काढल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपासून तिला ग्लानी यायला लागली, जीभ कोरडी पडली. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहून पाणी मोजत होतो. मोजण्याखेरीज काही करता येत नव्हतं. माझी ती रेघ आता खोल पाण्याखाली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी बोट आली. पोरांनी मंडळींना उचलून बोटीत बसवलं. आणि तुम्हाला खोटं वाटेल, मी तेव्हाही घुटमळत होतो. म्हटलं, घर उघडं टाकून कसं यायचं? तेव्हा ती बाई, जिला धड बसवत नव्हतं, ती म्हणाली, "अहो, वाडीला देवसुद्धा उठतात. तुम्ही कोण मोठे लागून गेलात?"

मी गपचूप बोटीत बसलो. पुढं ती आठ दिवस दवाखान्यात होती. दत्तमहाराजांच्या कृपेनं सुखरूप घरी आली. पण त्या आठ दिवसांत मी स्वतःला काय काय बोललो ते माझं मला माहीत. तीस वर्षं मी अवधूताच्या चोवीस गुरूंवर बोललो. घरट्याच्या मोहापायी पारध्याच्या जाळ्यात आपण होऊन शिरणारा कपोत कितीदा तरी रंगवून सांगितला. वेळ आली तेव्हा मीच कपोत झालो, आणि माझ्याबरोबर कपोतीलाही घेऊन निघालो होतो.

माणूस बदलाला का अडून बसतो, याचं एक कारण इथं मिळतं. आपण मागच्या पुराची खूण बघून पुढच्या पुराचा अंदाज करतो. "आमच्या वेळी असं नव्हतं" हे वाक्य म्हणजे लाल ऑइलपेंटची रेघच. ती खोटी नसते. एके काळी पाणी खरंच तिथवर आलेलं असतं. पण ती झालेल्या गोष्टीची खूण असते. येणाऱ्या गोष्टीला ती हद्द घालू शकत नाही.

पण थांबा. हे कारण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं मला नंतर, कोरड्या जागी कळलं.

पूर ओसरला. घराच्या भिंतींना तडे गेले होते, राहण्याजोगं राहिलं नाही. आम्ही मुलाच्या फ्लॅटमध्ये गेलो. तिसरा मजला, लिफ्ट, सगळी सोय. मुलगा-सून दोघंही प्रेमाची. पण मी सहा महिने धुसफुसत होतो. देवघर म्हणजे भिंतीतला कप्पा. सकाळी सूनबाईच्या डब्यांची घाई, तेव्हा माझी पूजा मध्ये येते. आरतीची घंटा जोरात वाजवली की शेजारच्यांचं तान्हं बाळ उठतं. मी म्हणायचो, "या घरात सोवळं-ओवळं काही राहिलं नाही." जेवताना बोलायचो नाही. नातू आजीला विचारायचा, आजोबा रागावलेत का?

एकदा रात्री झोप येईना म्हणून स्वतःलाच खोदून विचारलं, बाबा रे, तुला नक्की काय दुखतंय? घर? ते तर गळतं म्हणून तूच वर्षानुवर्षं कुरकुरत होतास. सोवळं? तुझं तुला पाळायला कोण आडवं आलंय? खरं उत्तर यायला वेळ लागला. गावभागात दारात खुर्ची टाकून बसलं की येणारा-जाणारा "नमस्कार काका" म्हणायचा. पंचांग माझ्याकडे विचारायचे, सप्ताहाची वर्गणी माझ्याकडे जमायची. इथं लिफ्टमध्ये मी फक्त तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा. भिंत पडल्याचं दुःख मी बोलून दाखवत होतो. आतून दुखत होतं ते माझं महत्त्व गेल्याचं.

सद्भक्तहो, उरलेलं अर्धं कारण हेच. नवी गोष्ट वाईट असते म्हणून आपण फार क्वचित अडतो. त्या नव्या घडीत "मी कोण?" याचं उत्तर सापडत नाही, म्हणून अडतो. किल्ल्या सुनेच्या हातात गेल्या की सासूला जे वाटतं, दुकानाचा गल्ला मुलाकडे गेला की बापाला जे वाटतं, ते हेच असतं. आणि हे कबूल करायला लाज वाटते, म्हणून आपण धर्म, संस्कार, रीत यांची नावं पुढं करतो.

मग करायचं काय? उत्तर मंडळींनी बोटीत दिलंच होतं. वाडीला काय करतात ते बघा.

नृसिंहवाडीला पावसाळ्यात कृष्णामाई महाराजांच्या भेटीला देवळात येते. तिला अडवायला कोणी भिंत बांधलेली नाही. पाणी वाढायला लागलं की पुजारी मंडळी उत्सवमूर्ती उचलतात आणि वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. तिथंही पाणी आलं तर आणखी वर. नित्याची सेवा तिथं चालू राहते. मनोहर पादुका मात्र जागेवरच असतात, पाण्याखाली. पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो आणि लोक लांबून त्या स्नानाला येतात. आणि पाणी उतरलं की? झाडू, घमेली, पाण्याचे पाइप. गाळ काढायचा, फरशी धुवायची, मूर्ती पुन्हा खाली आणायची.

या एका रीतीत सगळं आलं. आपल्या घरातही तीन प्रकारच्या गोष्टी असतात. एक पादुका, म्हणजे निष्ठा, नाम, माणसांवरची माया. त्यांना पाणी लागत नाही. त्या बुडाल्यासारख्या दिसल्या तरी जागेवर असतात, त्यांची काळजी करू नये. दुसरी उत्सवमूर्ती, म्हणजे रोजची उपासना, रोजचं काम, रोजचं बोलणं. ती उचलून न्यावी लागते, जागा आणि वेळ बदलावी लागते, पण बंद पडू द्यायची नसते. आणि तिसरा मंडप, म्हणजे खुर्ची, किल्ल्या, मान, "माझ्या पद्धतीनंच" हा हट्ट. तो भिजणार. भिजू द्यावा. आमची गफलत होते ती इथं. आम्ही मंडपाला मिठी मारून बसतो आणि उत्सवमूर्ती मात्र वाहून जाते. सहा महिने घरात अबोला धरून मी सोवळं सांभाळत होतो, म्हणजे दुसरं काय करत होतो?

आणि महाराजांचंच चरित्र बघा. औदुंबरला एक चातुर्मास, वाडीला बारा वर्षं, मग गाणगापूर, आणि शेवटी श्रीशैल्याकडे प्रयाण. प्रत्येक ठिकाणी माणसं रडली, जाऊ नका म्हणाली. महाराजांनी त्यांच्या रडण्याचा राग केला नाही. तिथं पादुका ठेवल्या आणि पुढं निघाले. जाताना काय ठेवायचं आणि काय घेऊन जायचं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही.

आता पुन्हा घेवड्याच्या वेलाकडे येतो. मला जिन्यावर काय कळलं ते सांगायचं राहिलं. त्या ब्राह्मणानं बायकोची समजूत घातली. ज्यानं जन्माला घातलं तो उपाशी ठेवणार नाही, असं सांगितलं. आणि मग तो काय करायला उठला? दारात राहिलेलं वेलाचं मूळ काढायला. घड्याच्या आशेनं त्यानं खणलं नाही. घडा असल्याचं त्याला माहीतच नव्हतं. मूळ काढायचं होतं, म्हणून खणलं. मी जिन्यावर नुसता उभा राहून पाणी मोजत होतो. तो मात्र रडून झाल्यावर कामाला लागला. दोघांत फरक एवढाच.

प्रत्येक तुटलेल्या वेलाखाली सोनंच निघेल, असं मी या व्यासपीठावरून सांगणार नाही. आमच्या गल्लीत पुरानंतर काहींच्या हाती गाळाशिवाय काही लागलं नाही. पण मूळ काढल्याखेरीज दार मोकळं होत नाही, आणि दार मोकळं झाल्याखेरीज दुसरा वेलही लावता येत नाही, एवढं नक्की.

मीही मूळ काढलं. जुन्या घरी जाऊन स्वतःच्या हातानं सामान वाटलं. खुर्ची देवळाला दिली. पूजेची वेळ सूनबाईला विचारून ठरवली, तिचे डबे गेल्यानंतरची. घंटेच्या जागी टाळी. पहिले चार दिवस जड गेले. पाचव्या दिवशी नातू शेजारी येऊन बसला, कारण आता त्याची घाईची वेळ नव्हती. आता गंधाची वाटी तो धरतो. यंदाच्या सप्ताहात अठरावा अध्याय त्यानं वाचला, अडखळत, चुकत. मी दोनदाच टोकलं. मंडळींनी डोळे वटारले, मग तेही थांबवलं.

घडा वगैरे मला ठाऊक नाही. पण जुन्या घरात चाळीस वर्षं मी एकटाच वाचत होतो.

वाचकहो, यंदा अठरावा अध्याय आला की तिथं थोडं थांबा. आपल्या दारातला कोणता वेल तुटलाय, आणि त्याचं मूळ अजून कोण धरून बसलंय, एवढं मनाशी विचारा. रडू आलं तर रडा, महाराज रागावत नाहीत. मग उठा आणि कुदळ घ्या.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥