दिल साफ आहे, मग नमाज कशाला?

प्रश्न : धाकटा भाऊ नमाज पढत नाही. टोकलं की म्हणतो, ‘अल्लाह दिल पाहतो आणि माझं दिल साफ आहे.’ अब्बा त्याला मुनाफिक म्हणतात. घरात रोज वाद. त्याला काय उत्तर द्यावं?

उत्तर : भाऊ अर्धीच हदीस सांगतो. अल्लाह तुमचं रूप आणि मालमत्ता पाहत नाही, असं ‘सहीह मुस्लिम’मधल्या त्या हदीसीत आहे खरं, पण पाहतो ते दिल आणि अमल, दोन्ही. दुसरा शब्द सोयीने गळतो.

शरीरातल्या मांसाच्या तुकड्याची हदीसही अशीच तोडून सांगतात. तो ठीक तर सारं शरीर ठीक, तो बिघडला की सारं बिघडलं. तो तुकडा म्हणजे कल्ब. हजरत नोमान बिन बशीर (रजि.) यांची ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. ती सुरू कुठून होते पाहा. हलाल उघड आहे, हराम उघड आहे. मधल्या संशयाच्या गोष्टी ज्याने टाळल्या, त्याने आपला दीन आणि अब्रू राखली. मग राखीव कुरणाच्या कडेला गुरं चारणाऱ्याचा दाखला, आणि अगदी शेवटी कल्ब. म्हणजे दिलाचा विषय निघतो तो हलाल-हरामच्या ओघात. साफ दिल मापात, उधारीत, बोलण्यात दिसतं. आणि नमाजातही. अर्थात नुसती नमाज दाखवूनही कुणी सुटत नाही. सूरह माऊन नमाजींनाच फटकारते.

राहिले अब्बा. लढाईत एकाने कलमा पढला, तरी भीतीने पढला असं समजून हजरत उसामा बिन जैद (रजि.) यांनी त्याला मारलं. पैगंबरांनी (स.) विचारलं, त्याचं दिल चिरून पाहिलंस का? आणि विचारतच राहिले. शिक्का मारण्यापेक्षा अब्बांनी त्याला मशिदीत सोबत न्यावं.

प्रश्न : नमाजात अल्लाहबद्दलच भलतेसलते विचार येतात. माझं ईमान गेलं का?

उत्तर : नाही. सहाबांनीही हीच तक्रार केली होती. जे तोंडून काढायलाही भीती वाटते असे विचार येतात, म्हणाले. त्या भीतीलाच पैगंबरांनी (स.) उघड ईमान म्हटलं. मनात आलं, पण बोललं वा केलं नाही, तर पकड नाही. नमाज तोडू नका, आणि वुजूही पुन्हापुन्हा करत बसू नका.