वस्त्र, व्रत आणि बंदी

फाटकी जीन्स किंवा तोकडे कपडे घालून येणाऱ्या तरुण-तरुणींना मंदिरात प्रवेश नसावा, ही मागणी गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात वारंवार पुढे आली असून, तुळजापुरात 2023 च्या मे महिन्यात तसे फलक लागले आणि टीका होताच त्याच दिवशी उतरले, तर 2025 मध्ये मुंबईच्या सिद्धिविनायकापाठोपाठ कोल्हापूरच्या अंबाबाई आणि जोतिबा मंदिरांसाठीही वस्त्रसंहिता, म्हणजे पेहरावाचे नियम, जाहीर झाली. या नियमांचे समर्थन करताना पावित्र्य आणि संस्कृती ही दोन्ही नावे एका दमात घेतली जातात. परंतु वस्त्राविषयीचा धर्मविचार हा मुळात अंग झाकण्याचा विचार आहे काय, हे क्वचितच तपासले जाते.

कोल्हापूर जिल्ह्यातील जयसिंगपुरात या प्रश्नाला वेगळी धार येते. राजर्षी शाहू महाराजांनी वडिलांच्या नावाने वसवलेल्या या बाजारपेठेच्या गावात आणि भोवतालच्या शिरोळ तालुक्यात दिगंबर जैनांची वस्ती मोठी आहे, आणि विहार करीत, म्हणजे पायी प्रवास करीत, मुनी आले की हाती मोरपिसांची पिंछी व कमंडलू याखेरीज काहीही जवळ नसलेल्या त्या निर्वस्त्र साधूंपुढे सासुरवाशिणींपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सारे हात जोडतात. मुनीच्या 28 मूलगुणांपैकी आचेलक्य, म्हणजे वस्त्राचा संपूर्ण त्याग, हा एक होय. नग्नतेतून येणारी लाज व अवहेलना मनात विकार न येऊ देता सोसणे, याला नाग्न्य परीषह म्हणतात. आचार्य कुंदकुंदांनी तर भावाची शुद्धी नसेल तर नग्नताही निष्फळ ठरविली. या विचारात वस्त्राचा हिशेब ज्याचा त्याने स्वतःशी करावयाचा असतो. सीमाभागातील भोज गावचे आचार्य शांतिसागर यांनी 1920 मध्ये मुनिदीक्षा घेतली ती स्वतःहून. व्रत असेच घेतले जाते, शेजाऱ्याच्या अंगावर घातले जात नाही.

वैदिक परंपरेतील सोवळ्याचेही असेच आहे. सोवळे म्हणजे धुऊन, कोणाचा स्पर्श होऊ न देता वाळवलेले किंवा रेशमी वस्त्र. त्याचा संबंध विटाळाशी आहे, अंगाच्या झाकण्या-उघडण्याशी नाही, आणि म्हणूनच सोवळे नेसून पूजेला बसलेल्या पुरुषाच्या उघड्या छातीवर कोणी हरकत घेत नाही. (सोवळ्याने माणसामाणसांत जे अंतर पाडले, त्याचा निवाडा अर्थात स्वतंत्र आहे.) तेव्हा आजची वस्त्रसंहिता सोवळ्याची वारस नसून सभ्यतेची, म्हणजे लोकांत कसे दिसावे याच्या संकेतांची आहे, आणि हे संकेत बदलत आले आहेत. समाजसुधारक आगरकरांना ‘स्त्रियांनी जाकिटे घातलीच पाहिजेत’ असा निबंध लिहावा लागला, कारण तेव्हा जाकीट हेच नवे खूळ वाटत होते. 2016 मध्ये अंबाबाईच्या गाभाऱ्यात जाऊ पाहणाऱ्या कार्यकर्त्या तृप्ती देसाई यांच्या सलवार-कमीजवर आक्षेप घेण्यात आला. आता तोच पोशाख सभ्य भारतीय वेश म्हणून बिनतक्रार चालतो.

देवस्थानाला आपल्या आवारापुरते शिष्टाचार ठरविता येतात, यात वाद नाही. चपला बाहेर काढणे हाही तसाच नियम आहे. मात्र चपलेचा नियम सर्वांना सारखा लागू होतो आणि त्यात कोणाच्या चारित्र्याची चौकशी नसते. पेहरावाच्या नियमात ती असते, आणि ती बहुधा मुलींचीच होते. ज्याची नजर ढळते त्याच्यासाठी फलकावर एकही ओळ नसते, ही उणीव नाग्न्य परीषहाची कल्पना माहीत असलेल्या प्रदेशात तरी लक्षात यायला हवी होती.