नको असलेली माफी

"माफ करा, सर" हे आमच्या शाळेतले सर्वांत स्वस्त वाक्य. उशिरा आलेला मुलगा ते दारातच म्हणतो, आणि मीही वहीतून मान वर न करता "बस जागेवर" म्हणतो. वर्षानुवर्षे हा व्यवहार बिनबोभाट चालला होता. मागच्या पावसाळ्यात मात्र एका मुलाने दुसऱ्याची नवी कोरी कंपासपेटी पायाखाली घालून चेपली. मी रागावलो, तो रडला, आणि मी मोठ्या मनाने म्हणालो, "जा, माफ केले." तोच मागच्या बाकावरून पेटीचा मालक उठला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "सर, पण पेटी माझी होती."

मी त्याला खाली बसायला सांगितले. दुसरे काय सांगणार?

सणाच्या दिवसांत हा विषय कशाला, असे घरातल्या मंडळींना वाटेल. पण त्या मुलाचे वाक्य माझ्या मनात रुतून बसले ते अमेरिकेतल्या बातम्यांमुळे. तिथल्या राष्ट्राध्यक्षाला राज्यघटनेने एक विलक्षण अधिकार दिला आहे. संघराज्याच्या कायद्याविरुद्धचा कोणताही गुन्हा तो माफ करू शकतो. महाभियोग तेवढा वगळला आहे. आपल्या राष्ट्रपतींनाही क्षमेचा अधिकार आहे, परंतु ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. तिथे तसे नाही. एकाच माणसाची सही पुरते. या लोकांनी इंग्लंडच्या राजाला झुगारून दिले, पण त्याच्या मुकुटातला हा एक खडा मात्र जपून ठेवला! हॅमिल्टनने त्याचे समर्थनही केले होते: बंडाळीच्या वेळी योग्य क्षणी दिलेली क्षमा देश शांत करू शकते.

1 डिसेंबर 2024 रोजी बायडेन यांनी आपल्या मुलाला माफी दिली. देणार नाही असे आधी सांगितले असताना दिली. बापाचे काळीज म्हणून मी ते समजू शकतो, पण राष्ट्राध्यक्षाने बापाचे काळीज कचेरीत आणावे का, हा प्रश्न उरतोच. पुढे 20 जानेवारी 2025 रोजी, सत्तेवर येताच, ट्रम्प यांनी सुमारे 1500 लोकांना एकगठ्ठा माफी दिली. 6 जानेवारी 2021 रोजी संसदभवनावर चालून गेलेल्या जमावातली ही माणसे. त्या दिवशी सुमारे 140 पोलीस जखमी झाले होते. कंपासपेटी त्यांची होती, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते.

या 1500 जणांत सत्तरीतली एक बाई होती. तिने न्यायालयात गुन्हा कबूल केला होता आणि साठ दिवसांचा तुरुंगवास भोगला होता. ती म्हणाली, मला ही माफी नको. मी दोषी होते. ती घेतली तर त्या पोलिसांचा अपमान होईल.

आता माफी नाकारता येते का? माझे शिक्षण मॅट्रिकपुरते, कायद्याचे मला काय कळणार! तरी शोधत गेलो तेव्हा मौज वाटली. 1833 साली सरन्यायाधीश मार्शल यांनी ठरवले की क्षमा ही एखाद्या दस्तऐवजासारखी आहे. समोरच्याने स्वीकारल्याशिवाय ती पुरी होत नाही. पुढे बर्डिक नावाच्या न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रकाराने राष्ट्राध्यक्ष विल्सन यांची माफी परत केली, कारण ती घेतली असती तर बातमी कोणी दिली ते सांगावे लागले असते. 1915 साली न्यायालय म्हणाले, तो नाकारू शकतो. माफीत दोषाचा आरोप असतो आणि ती घेण्यात त्याची कबुली असते. फोर्ड यांनी 1974 साली निक्सन यांना माफी दिली आणि देशाचा रोष ओढवून घेतला. पुढे ते या निकालातला उतारा आपल्या पाकिटात बाळगत.

उलट 1927 साली न्यायमूर्ती होम्स म्हणाले की क्षमा ही कोणा व्यक्तीची खासगी मेहेरबानी नव्हे, ती लोकहितासाठी असते. फाशीची जन्मठेप करायला कैद्याची संमती कशाला हवी? हेही मला पटते. एखादा हट्टाने दया नको म्हणतो म्हणून सरकारने त्याला फासावर चढवायचे की काय?

पण या बाईचे प्रकरण निराळे आहे. ट्रम्प यांच्या घोषणेत शब्द होते की या माफीने राष्ट्रावरचा एक घोर अन्याय संपत आहे. म्हणजे अपराध तुम्ही केला नाही, तुमच्यावरच झाला! माफी म्हटली की आधी चूक आली. चूक झालीच नाही असे सांगणारी माफी ज्याला लागले त्याचे दुःख तर पुसतेच, पण ज्याने केले त्याच्या हातूनही काहीतरी काढून घेते. साठ दिवस कोठडीत बसून त्या बाईने जे स्वतःचे करून घेतले होते, ते सरकार तिच्याकडून परत मागत होते. पोराने पेटी माझी म्हटले, तिने गुन्हा माझा म्हटले.

शिक्षा भोगून झाल्यावर माफी नाकारणे सोपे, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडे. तशीच शिक्षा भोगलेले कितीतरी जण त्या यादीत होते.

दोन दिवसांनी मी मधल्या सुट्टीत त्या पोराला हाक मारली. "काय रे, तू केलेस का त्याला माफ?"

त्याने डब्यातला घास संपवला. मग म्हणाला, "त्याने मला अजून विचारलेच नाही, सर."