घराबाहेर पडलेली ऊब

शीत प्रदेशातील गृहस्थ हिवाळाभर जे इंधन जाळतो, त्याच्या उष्णतेचा मोठा अंश छपरातून, भिंतींतून आणि तावदानांच्या फटींतून कोणाच्या नजरेस न पडता निघून जातो. 1800 साली विल्यम हर्शेलने सूर्याच्या वर्णपटात तांबड्या रंगापलीकडच्या काळोख्या जागी थर्मामीटर ठेवला, तेव्हा पारा चढला. त्या अदृश्य किरणांना डोळ्यांपुढे आणणारा कॅमेरा आज या गळतीचा जमाखर्च मांडतो.

दिवसाचे ऊन भिंतींतून ओसरल्यावर, घरात वीस अंश आणि बाहेर गोठणबिंदूच्या आसपास तापमान असताना पाहावे, तर माळ्यावरचे उष्णतारोधक आवरण जिथे सरकले असेल तिथे छपरावर उजळ डाग उमटतो आणि खिडकीवरच्या तुळईचा पट्टा भिंतीत वेगळा उठून दिसतो. परंतु चित्रातील रंग यंत्राने वाटून दिलेले असतात. चकचकीत पत्रा प्रत्यक्षाहून थंड भासतो, काचेत निरभ्र आकाशाचे शैत्य प्रतिबिंबित होते, आणि तांबडे दिसले की दोष सिद्ध झाला असे मानणाऱ्या उत्साही तपासनीसांची वाण कुठेच नसते.

हेच चित्र मालकाऐवजी सरकारच्या हाती पडले तर? 1992 च्या जानेवारीत, ऑरेगन राज्यातील फ्लॉरेन्स गावी, पहाटे तीनच्या सुमारास एका सरकारी अंमलदाराने रस्त्यापलीकडे मोटारीत बसून एका घरावर असे यंत्र रोखले. गॅरेजचे छप्पर आणि एक भिंत शेजारच्या घरांहून अधिक तापलेली आढळली. आत प्रखर दिव्यांखाली गांजा पिकत असावा या संशयाला वीजबिलांची जोड देऊन झडतीचा हुकूम मिळवण्यात आला, आणि शंभरांहून अधिक रोपे हाती लागली. कायलो खटला म्हणून प्रसिद्ध असलेल्या या प्रकरणात 2001 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असे ठरवले की, हुकुमावाचून यंत्र रोखणे हीच मुळी बेकायदा झडती होय. गृहिणीच्या रात्रीच्या स्नानाची वेळही अशा यंत्राने उघड होईल, ही न्यायमूर्ती स्कालिया यांची चिंता होती; तर स्वयंपाकघरातील दरवळाप्रमाणे घराबाहेर पडलेली उष्णताही सार्वजनिक झाली, असे न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांचे भिन्नमत होते.

मला निर्णय मान्य आहे, त्याचा आधार मात्र ठिसूळ वाटतो. कारण ‘सर्वसामान्यांच्या वापरात नसलेले यंत्र’ ही बहुमताची अट यंत्राच्या दुर्मीळपणावर उभी आहे, आणि आज तेच यंत्र मोबाइलला जोडता येते, अमेरिकेतील कित्येक सार्वजनिक वाचनालयांतून तर पुस्तकासारखे उसने मिळते. शिवाय ज्याला भिंतींची डागडुजी परवडते त्याचे घर या चित्रात मुके राहते. ज्या भाडेकरूला ती भिंत उकरण्याचा अधिकारच नाही, त्याची ऊब जाते आणि तिच्याबरोबर त्याच्या दिनक्रमाची वर्दीही रस्त्यावर जाते, याची दखल दोन्ही पक्षांच्या युक्तिवादांत मला कुठे आढळत नाही.